प्रोजेक्ट संपल्यावरचा रेट्रो: टीम तो का टाळते आणि नवीन माणसाने त्यात कसं उतरायचं

नुकतेच एखाद्या टीममध्ये आला असाल तर हे दृश्य लवकरच बघाल. प्रोजेक्ट लाइव्ह जातो, दोन-तीन दिवस सगळे जरा मोकळा श्वास घेतात, आणि मग कॅलेंडरवर इन्व्हाइट येतं, प्रोजेक्ट रेट्रोस्पेक्टिव्ह (थोडक्यात रेट्रो, झालेल्या कामाकडे मागे वळून बघायची मीटिंग), वेळ दोन तास. तुम्हाला वाटतं चला, आता कळेल काय बरोबर झालं काय चुकलं, आपण नवीन आहोत तर शिकायला मिळेल. आणि बाकीचे? एकाला नेमका त्याच वेळी कॉल असतो, दुसरी म्हणते मी जॉईन होते पण लॅपटॉपवर दुसरं काम चालू ठेवते, आणि टीममधला सगळ्यात जुना माणूस काहीच बोलत नाही, इन्व्हाइट ॲक्सेप्ट करतो आणि परत कामाला लागतो.

हे बघून नवीन माणसाला वाटतं एकतर ही मंडळी आळशी आहेत नाहीतर हा प्रकारच बिनकामाचा आहे. इतकी वर्षं आणि इतके रेट्रो बघितल्यावर मला पक्कं वाटतं की टीमचा कंटाळा हा मागच्या रेट्रोंचा निकाल असतो. लोकांनी पहिल्यांदा मनापासून सांगितलं, काहीच बदललं नाही. दुसऱ्यांदा कोणीतरी आपली चूक मोकळेपणी कबूल केली आणि तीच चूक अप्रेझलच्या वेळी समोर ठेवली गेली. तिसऱ्यांदा सगळे गप्प बसले, आणि खरं सांगायचं तर त्या परिस्थितीत गप्प बसणं हेच शहाणपणाचं होतं. म्हणून हा कंटाळा भाषण देऊन जात नाही, रंगीत चिठ्ठ्या आणि गेम आणून तर अजिबात जात नाही. तो ज्या कारणाने आला ते कारण थोडं थोडं काढलं की मग जातो, आणि त्यातला बराच भाग नवीन माणूससुद्धा करू शकतो, कसा ते खाली पायरीपायरीने लिहिते.

आधी नावांचा गोंधळ मिटवू

रेट्रो, पोस्टमॉर्टेम, लेसन्स लर्न्ड, क्लोजर मीटिंग, ही सगळी नावं ऐकायला येतील आणि प्रत्येक ठिकाणी अर्थ थोडा वेगळा असतो. ढोबळमानाने सांगायचं तर स्प्रिंट रेट्रो हा दर स्प्रिंटच्या, म्हणजे कामाच्या एका छोट्या ठराविक टप्प्याच्या, शेवटी असतो (स्क्रम या कामाच्या पद्धतीचं स्क्रम गाइड म्हणतं एका महिन्याच्या स्प्रिंटला जास्तीत जास्त ३ तास, स्प्रिंट छोटा असेल तर सहसा कमी), पोस्टमॉर्टेम हा एखादी मोठी गडबड झाली, सिस्टिम बंद पडली की होतो, आणि आपण ज्याबद्दल बोलतोय तो अख्खा प्रोजेक्ट संपल्यावरचा. यातला शेवटचा सगळ्यात अवघड, कारण सहा-आठ महिन्यांचं सगळं एकदम आठवायचं असतं आणि तोपर्यंत अर्धी टीम मनाने पुढच्या प्रोजेक्टला गेलेली असते. २००१ मध्ये १७ जणांनी मिळून जो ॲजाइल जाहीरनामा (सॉफ्टवेअर छोट्या टप्प्यांत, बदल स्वीकारत बनवायच्या पद्धतीचा) लिहिला त्याच्या १२ तत्त्वांपैकी शेवटचं हेच आहे, की टीमने ठराविक काळाने थांबून आपलं काम कसं सुधारता येईल याचा विचार करायचा आणि त्याप्रमाणे बदलायचं. विचार करणं आणि बदलणं, दोन्ही. बहुतेक ठिकाणी पहिला भाग होतो आणि दुसरा राहतो, आणि सगळं दुखणं तिथेच आहे.

पहिली पायरी: मीटिंगच्या आधी टीमचा मूड वाचा

इन्व्हाइट आल्यावर लगेच तयारीला लागू नका, दोन दिवस नुसतं बघा आणि ऐका. चहाच्या वेळी, स्टँडअपनंतर (टीमच्या रोजच्या छोट्या मीटिंगनंतर), चॅटवर लोक रेट्रोबद्दल काय बोलतात. मला साधारण हे प्रकार दिसत आलेत.

एक म्हणजे "सगळं मस्त झालं" म्हणणारे. यांना विचारलं की एकच उत्तर, काही प्रॉब्लेम नव्हता, छान टीम आहे. आता खरंच छान झालं असेल तर चांगलंच आहे, पण ज्या प्रोजेक्टमध्ये लोक तीन शनिवार कामाला बसलेत आणि दोन वेळा तारीख पुढे गेली तिथे हे वाक्य आलं तर समजा की खरं बोलायची भीती आहे.

दुसरे तक्रार करणारे. हे रेट्रोत खूप बोलतात, आणि नवीन माणसाला वाटतं की हे निगेटिव्ह लोक. माझं मत उलट आहे, जो अजून तक्रार करतोय त्याला अजून आशा आहे की काहीतरी बदलेल. त्याची काळजी करू नका, काळजी करा त्याची जो आधी बोलायचा आणि आता गप्प झालाय.

तिसरे बचावाच्या तयारीत येणारे. यांच्याकडे मेल, तारखा, स्क्रीनशॉट सगळं असतं, रिक्वायरमेंट उशिरा आली होती याचा पुरावा पहिल्या पाच मिनिटांत समोर येतो. असे लोक दिसले की ओळखायचं, इथे आधी कधीतरी कोणावर तरी खापर फुटलेलं आहे आणि ते बाकीच्यांनी बघितलंय.

आणि मग मॅनेजर लोक. काही जणांना खरंच ऐकायचं असतं, काही जणांना फक्त डॉक्युमेंट हवं असतं कारण प्रोसेसमध्ये तसं लिहिलंय. दुसऱ्या प्रकाराला पण वाईट समजू नका, त्यांच्यावरही वरून दबाव असतो, पण मीटिंग कोणत्या प्रकारची होणार हे आधी कळलं तर तुमची अपेक्षा जागेवर राहते.

हे सगळं वाचताना कोणाला लेबल लावू नका, तुम्हाला फक्त एवढंच शोधायचंय की मागे काय घडलं होतं म्हणून आज हे असं आहे.

दुसरी पायरी: मागच्या रेट्रोचे नोट्स उघडा

ही पायरी जवळजवळ कोणीच करत नाही, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे, बाकी काही नाही केलंत तरी चालेल पण एवढं करा.

माझ्या दुसऱ्या प्रोजेक्टच्या वेळची गोष्ट सांगते. रिलीजच्या रात्री डेटाबेसचं मायग्रेशन, म्हणजे त्याच्या रचनेतला बदल, अडकलं. आमच्या टेस्टच्या डेटाबेसमध्ये काही हजार रेकॉर्ड होते त्यामुळे तिथे ते मिनिटभरात झालं होतं, प्रॉडक्शनला, म्हणजे लोक वापरतात त्या खऱ्या सिस्टिमला, लाखो रेकॉर्ड, तिथे टेबल लॉक होऊन बसलं, पहाटे रोलबॅक केला, म्हणजे सगळं आधीसारखं केलं, रिलीज आठवडाभर पुढे गेली. नंतरच्या रेट्रोत सगळे शांत. मी नवीन होते, उत्साह होता, मी सरळ म्हणाले की हे मायग्रेशन मोठ्या डेटावर आधी चालवून बघायला हवं होतं. वाक्य बरोबर होतं. ज्याने ते मायग्रेशन लिहिलं होतं तो माझ्या समोरच बसला होता, त्याने मान हलवली आणि पुढचा तासभर एक शब्द बोलला नाही.

महिन्याभराने दुसरंच काहीतरी शोधताना मला विकीवर जुन्या रेट्रोंचे नोट्स मिळाले, आधीच्या तीन प्रोजेक्टचे. तिन्हींमध्ये तोच मुद्दा होता, टेस्टसाठी प्रॉडक्शनएवढ्या मोठ्या डेटाची कॉपी हवी. आणि पहिल्या नोट्समध्ये हा मुद्दा मांडणारा म्हणून त्याचंच नाव होतं, जो त्या दिवशी गप्प बसला होता. म्हणजे त्याने दोन वर्षं आधी सांगितलं होतं, तीन वेळा लिहिलं गेलं होतं, कोणी केलं नव्हतं, आणि शेवटी ज्या खड्ड्याबद्दल तो ओरडत होता त्यातच तो पडला आणि वरून एका नवीन मुलीने त्याला सांगितलं की खड्डा होता. मला त्या दिवशी खूप वाईट वाटलं होतं, आजही आठवलं की वाटतं.

तेव्हापासून कुठल्याही नवीन टीममध्ये गेले की मी आधी जुने नोट्स शोधते. विकीवर, शेअर्ड ड्राइव्हवर, जुन्या मेलमध्ये, कुठेतरी असतातच. नसतील तर टीम लीडला विचारा, की मला समजून घ्यायचंय, मागच्या प्रोजेक्टचं काही लिहिलेलं आहे का. नवीन माणसाने विचारलं तर कोणाला खटकत नाही, हा नवेपणाचा फायदा आहे आणि तो पहिल्या काही महिन्यांपुरताच असतो, तेव्हा वापरून घ्या.

नोट्स मिळाले की तीन गोष्टी बघा. कोणता मुद्दा एकापेक्षा जास्त वेळा आलाय. त्यातला कोणता खरंच झाला, कोणता नाही. आणि जो झाला तो का झाला, म्हणजे कोणी केला, त्याला वेळ कसा मिळाला. शेवटचं विसरू नका, कारण जे झालं त्याच रस्त्याने पुढचंही करता येतं.

तिसरी पायरी: तुमची टाइमलाइन तुम्ही तयार करा

आठवणीवर रेट्रो केला की शेवटच्या दोन आठवड्यांचाच रेट्रो होतो. रिलीजची धावपळ डोक्यात ताजी असते, चौथ्या महिन्यात घेतलेला जो निर्णय सगळ्याच्या मुळाशी होता तो कोणालाच आठवत नाही. म्हणून तासभर काढा आणि गिटच्या लॉगमधून (कोडमधल्या बदलांच्या नोंदीतून), तिकिटांमधून (कामांच्या नोंदींमधून), रिलीजच्या तारखांवरून एक साधी यादी बनवा, कोणत्या महिन्यात काय सुरू झालं, कोण आलं, कोण गेलं, स्कोप कधी वाढला, कधी कोणती तारीख हलली. एक पान पुरतं. तुम्ही मध्येच जॉईन झाला असाल तर आधीचा भाग रिकामा ठेवा आणि लोकांना विचारून भरा, आणि विचारताना लोक जे सांगतात ते ऐकताना निम्मा रेट्रो तिथेच होतो.

यादी बनवताना प्रत्येक ठिकाणी अजून एक गोष्ट लिहा, त्या वेळी आपल्याला काय माहीत होतं. हे का, तर निकाल कळल्यावर माणसाला सगळं आधीपासून उघड होतं असं वाटायला लागतं. बारूक फिशहॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये यावर प्रयोग छापले, त्यातल्या एकात लोकांना १८१४ च्या ब्रिटिश-गुरखा संघर्षाचं वर्णन वाचायला दिलं, काहींना शेवट सांगितला आणि काहींना नाही. ज्यांना शेवट सांगितला त्यांना तोच शेवट होण्याची शक्यता जास्त वाटली, आणि आपल्यावर सांगितलेल्या शेवटाचा परिणाम झालाय हे त्यांच्या लक्षातही येत नव्हतं. रेट्रोत अगदी हेच होतं. "हे तर दिसतच होतं की" असं वाक्य कोणी म्हणालं की समजायचं, ते आज दिसतंय, तेव्हा दिसत नव्हतं.

एरियन ५ रॉकेटचं उदाहरण मला इथे नेहमी आठवतं. ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात ते सुरू झाल्यावर मिनिटही झालं नव्हतं तर नष्ट झालं, कारण ६४ बिटचा एक फ्लोटिंग पॉइंट आकडा १६ बिटच्या इंटिजरमध्ये बसवताना ओव्हरफ्लो झाला, म्हणजे मावला नाही. नुसतं एवढं ऐकलं की वाटतं किती साधी चूक. पण तो कोड एरियन ४ वरून घेतलेला होता, तिथे तो व्यवस्थित चालला होता आणि तिथल्या उड्डाणाच्या मार्गात तो आकडा एवढा मोठा होतच नव्हता. त्या वेळचं माहीत नसेल तर त्या माणसांचं काम समजतच नाही.

चौथी पायरी: मीटिंगमध्ये

आता प्रत्यक्ष मीटिंग. चालवणारा माणूस बहुतेक तुम्ही नसाल, त्यामुळे सगळं तुमच्या हातात नाही, पण काही गोष्टी सुचवता येतात.

पहिली, सुरुवातीची दहा मिनिटं सगळ्यांनी आपापलं गप्प बसून चिठ्ठ्यांवर लिहायचं, भिंतीवर लावायचं, मग वाचायचं. तोंडी सुरुवात केली की जो पहिला बोलतो, आणि तो सहसा सिनिअर असतो, त्याच्याच मुद्द्याभोवती पुढचे दोन तास जातात. लिहून घेतलं की जी मुलगी एरवी बोलत नाही तिचा मुद्दा पण भिंतीवर येतो.

दुसरी, भीती किती आहे हे मोजून घ्या. चिठ्ठीवर नाव न घालता १ ते ५ आकडा लिहायचा, १ म्हणजे मी इथे काहीच खरं बोलणार नाही, ५ म्हणजे काहीही बोलू शकते. चिठ्ठ्या गोळा करून आकडे वाचायचे. बरेच १ आणि २ आले तर पुढचा अजेंडा ढकलत नेण्यात अर्थ नाही, तेव्हा त्या आकड्यांबद्दलच बोलायचं, काय बदललं तर हे ३ होतील, मॅनेजर थोडा वेळ बाहेर बसले तर चालेल का, नोट्स कोणाकोणाकडे जाणार. हे मी दोन-तीनदा करून बघितलंय आणि एकदा तर एक मॅनेजर स्वतःच उठून म्हणाले की मी तासाभराने येतो. त्या तासात जेवढं बाहेर आलं तेवढं आधीच्या वर्षभरात आलं नव्हतं.

तिसरी म्हणजे चार प्रश्नांची चौकट. अमेरिकन सैन्यात सराव झाल्यावर जो आढावा घेतात त्यात हे प्रश्न असतात, काय व्हायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात काय झालं, फरक का पडला, पुढच्या वेळी काय करायचं. यात पहिला प्रश्न सोपा वाटतो आणि तोच सगळ्यात जास्त उघडं करतो. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये "काय व्हायचं ठरलं होतं" याची तीन वेगळी उत्तरं तीन जणांनी लिहिली होती, डेव्हलपरचं वेगळं, क्यूएचं (टेस्टिंग करणाऱ्याचं) वेगळं, प्रॉडक्ट ओनरचं (काय बनवायचं ते ठरवणाऱ्याचं) वेगळं. पुढचे प्रश्न विचारायची गरजच उरली नव्हती.

आता तुम्ही स्वतः कसं बोलायचं. मी वर सांगितलेलं माझं वाक्य घ्या, "मायग्रेशन मोठ्या डेटावर आधी चालवून बघायला हवं होतं". "हवं होतं" म्हटलं की ते कोणाच्या तरी अंगावर जातंच, नाव घेतलं नाही तरी खोलीत सगळ्यांना कळतं कोणाबद्दल आहे. तेच असं म्हणता आलं असतं: "रिलीजच्या रात्री मी लॉग बघत होते तेव्हा कळलं की टेबल लॉक झालंय, टेस्टला हे आपल्याला का दिसलं नाही ते मला समजून घ्यायचंय, आपल्याकडे मोठा डेटा कुठे मिळतो?" यात तुम्ही काय बघितलं ते आहे आणि एक खरा प्रश्न आहे. त्या प्रश्नाला तो म्हणाला असता की हे मी दोन वर्षं सांगतोय, आणि मग मीटिंग जिथे जायला हवी तिथे गेली असती.

"तू असं का केलंस" याच्याऐवजी "तेव्हा तुझ्यासमोर काय होतं" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला माणूस सफाई देतो, दुसऱ्याला गोष्ट सांगतो. आणि आपल्याला गोष्टच हवी असते. नॉर्मन कर्थ यांनी २००१ मध्ये रेट्रोसाठी एक मूळ नियम मांडला, बऱ्याच टीम तो मीटिंगच्या सुरुवातीला वाचतात, त्याचा आशय असा की त्या वेळी जे माहीत होतं, जेवढं येत होतं, हाताशी जे होतं आणि जी परिस्थिती होती त्यात प्रत्येकाने जमेल तेवढं चांगलं काम केलं असं धरून चालायचं. कोणी नुसतं वाचून दाखवलं तर कोरडं वाटतं हे मान्य, पण मी तो मनात म्हणते, बोलायच्या आधी, आणि माझं वाक्य खरंच बदलतं.

चूक एका माणसाच्या हातून झाली हे उघड असेल तेव्हा काय, हा प्रश्न येणारच. गिटलॅब या कोड ठेवायची सेवा देणाऱ्या कंपनीचं २०१७ चं उदाहरण वाचण्यासारखं आहे. ३१ जानेवारीला त्यांच्या एका इंजिनिअरने रात्री उशिरा, रेप्लिकेशनचा (एका सर्व्हरवरचा डेटा दुसऱ्यावर कॉपी होत राहण्याचा) प्रॉब्लेम सोडवताना, दुय्यम सर्व्हरवर आहोत असं समजून मुख्य डेटाबेसची डिरेक्टरी डिलीट केली. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबीमधले साडेचार जीबी उरले होते. इथेच थांबून "अमक्याने डिलीट केलं" असं लिहिता आलं असतं आणि ते खोटंही नव्हतं. पण त्यांनी पुढे विचारलं की मग बॅकअप का नव्हता, तर कळलं की बॅकअपचं टूल चुकीच्या व्हर्जनमुळे चालतच नव्हतं, आणि बॅकअप फेल झाला असं सांगणारे मेल रिजेक्ट होत होते म्हणून कोणापर्यंत पोचत नव्हते. त्याच इंजिनिअरने सुमारे सहा तास आधी दुसऱ्या कामासाठी एक स्नॅपशॉट, म्हणजे डेटाची त्या क्षणाची कॉपी, घेतला होता, त्यावरून सगळं परत उभं केलं, मधल्या सहा तासांचा डेटा गेला. हे सगळं त्यांनी जाहीर लिहिलं. त्या माणसाला शिक्षा करून विषय संपवला असता तर बॅकअप तसाच बंद राहिला असता आणि पुढच्या वेळी नशिबाने घेतलेला स्नॅपशॉटही नसता.

आणि चूक तुमचीच असेल तर ती तुम्हीच आधी सांगा, साध्या शब्दात, रडारड न करता, माफीचं लांब भाषण न करता. "तो कॉन्फिग मी बदलला, मला वाटलं तो फक्त टेस्टला लागू होतो, फाइलच्या नावावरून कळत नव्हतं." बस. नवीन माणसाने असं बोललं की इतरांना बोलायला जागा होते. फक्त वर सांगितलेला आकडा १-२ असेल, म्हणजे टीममध्ये खरंच भीती असेल, तर सगळ्यांसमोर बोलायच्या आधी टीम लीडशी एकटं बोला, उगाच बळी जायची गरज नाही.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात हॉस्पिटलमधल्या टीमचा अभ्यास केला, औषध देताना होणाऱ्या चुकांचा, आणि तिला दिसलं की चांगलं काम करणाऱ्या टीममध्ये चुकांची नोंद जास्त होती. आधी हे उलटं वाटलं, मग तिने कारण शोधलं, त्या टीममध्ये लोक चुका मोकळेपणी सांगत होते, बाकीच्या टीममध्ये लपवत होते. तेव्हा तुमच्या रेट्रोच्या भिंतीवर अचानक खूप चिठ्ठ्या लागायला लागल्या तर घाबरू नका, आणि मॅनेजर घाबरले तर त्यांना ही गोष्ट सांगा.

पाचवी पायरी: जे ठरलं ते तिकिटात टाका

"कम्युनिकेशन सुधारू." "यापुढे काळजी घेऊ." "टेस्टिंगला जास्त वेळ देऊ." ही वाक्यं प्रत्येक रेट्रोच्या शेवटी येतात आणि यातलं एकही करता येत नाही, कारण सोमवारी सकाळी उठून नक्की काय करायचं ते यात नाही. अशा वेळी नवीन माणूस म्हणून निरागसपणे विचारा, "म्हणजे पहिलं काय करायचं?" आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

करता येण्यासारखं म्हणजे, "प्रॉडक्शनच्या डेटाची नावं-नंबर झाकलेली कॉपी दर महिन्याला टेस्टला आणायची, स्क्रिप्ट अमुक माणूस लिहिणार, पुढच्या स्प्रिंटमध्ये." यात काम आहे, माणूस आहे, वेळ आहे. ते इतर कामांच्या रांगेत, त्याच बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) तिकीट म्हणून जायला हवं, वेगळ्या डॉक्युमेंटमध्ये ठेवलं की ते मेलं असं समजा. आणि असे मुद्दे दोनच घ्या, फार तर तीन. पंधरा मुद्द्यांची यादी बघून सगळ्यांना छान वाटतं पण तीच यादी पुढच्या वेळच्या कंटाळ्याचं बी असते, कारण पंधरातले तेरा होणार नाहीत आणि लोकांच्या ते लक्षात राहणार. जे टीमच्या हातात नाही, म्हणजे बजेट, माणसं, दुसऱ्या डिपार्टमेंटचा उशीर, ते वेगळं लिहा आणि ते वर कोण नेणार आणि उत्तर कधी सांगणार एवढंच ठरवा. उत्तर "नाही" आलं तरी चालतं, ते येऊन सांगितलं गेलं पाहिजे.

सहावी पायरी: एक छोटं काम स्वतः उचला आणि झालं की सांगा

यादीतलं सगळ्यात लहान, तुम्हाला झेपेल असं एक काम मागून घ्या. रीडमी अपडेट करणं, रिलीजची चेकलिस्ट लिहिणं, एखादा अलर्ट लावणं, काहीही. ते दोन आठवड्यांच्या आत संपवा, आणि संपल्यावर स्टँडअपला एका वाक्यात सांगा, रेट्रोत ठरलं होतं ते झालं. मोठेपणासाठी नाही, लोकांनी खूप दिवसांत हे वाक्य ऐकलेलं नसतं म्हणून.

आमच्याकडे त्या मोठ्या डेटाच्या कॉपीचं काम शेवटी मी मागितलं. मला ते एकटीला येत नव्हतंच, त्यामुळे मी त्याच्याकडेच गेले, ज्याने ते पहिल्यांदा लिहिलं होतं, आणि म्हटलं की तुमचे जुने नोट्स वाचले, तुम्ही सांगा मी करते. आधी त्याने फक्त मला एक जुनी फाइल पाठवली, अर्धवट स्क्रिप्ट, दोन वर्षांपूर्वीची. म्हणजे त्याने सुरुवात पण केली होती. आम्ही दोघांनी ते तीन आठवड्यांत पूर्ण केलं. पुढच्या रेट्रोत तो फार बोलला असं नाही, पण लिहायच्या दहा मिनिटांत त्याने चार चिठ्ठ्या लावल्या.

अडचणीच्या काही वेळा

प्रोजेक्ट मध्येच बंद केला असेल तर रेट्रो सहसा होतच नाही, सगळे लगेच वेगळ्या टीमला जातात. तेव्हा अर्धा तास मागा, लोक पांगायच्या आधी, कारण पांगल्यावर परत एकत्र येत नाहीत. अशा मीटिंगमध्ये दुःख असतं, वर्षभराचं काम फेकलं गेलेलं असतं, तिथे लगेच अॅक्शन आयटम मागू नका, आधी लोकांना बोलू द्या की काय चांगलं बनवलं होतं.

टीम वेगवेगळ्या ठिकाणी बसत असेल तर लिहायचा भाग मीटिंगच्या आदल्या दिवशी शेअर्ड डॉक्युमेंटमध्ये करून घ्या. आणि काही लोक एका खोलीत नि काही स्क्रीनवर असं करू नका, सगळ्यांनीच आपापल्या स्क्रीनवरून जॉईन व्हावं, नाहीतर स्क्रीनवरचे लोक प्रेक्षक होतात.

रेट्रो होतच नसेल, आणि मागून मिळत नसेल, तर प्रोजेक्टच्या सुरुवातीला प्रीमॉर्टेम सुचवून बघा. गॅरी क्लाइन यांनी २००७ मध्ये यावर लिहिलं होतं, पद्धत अशी की काम सुरू व्हायच्या आधीच सगळ्यांनी धरून चालायचं की प्रोजेक्ट पूर्ण फसलाय, आणि का फसला ते प्रत्येकाने लिहायचं. अजून काहीच घडलेलं नसतं म्हणून कोणावर खापर फुटत नाही, आणि जो माणूस मागच्या प्रोजेक्टबद्दल बोलायला तयार नसतो तो इथे "असं झालं तर" म्हणून मागच्याच प्रोजेक्टचं सगळं खरं लिहून देतो. तो कागद जपून ठेवा, प्रोजेक्ट संपला की तोच उघडायचा आणि एकेक ओळ वाचत विचारायचं, हे झालं का?